दूध जातं कुठे?

लंडनमध्ये फ्रिजमधलं दूध नासलं की माणूस म्हणतो, ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’. पहाटे गजर वाजला तर ‘द अलार्म वेन्ट ऑफ’. दिवे बंद झाले तर ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’. बॉम्ब फुटला तरी ‘वेन्ट ऑफ’च. गजर सुरू होतो आणि दिवा बंद पडतो, तरी दोघांना क्रियापद एकच आणि त्याची शेपटीही एकच! बाहेरून इंग्रजी शिकणाऱ्याला हा शुद्ध खोडसाळपणा वाटतो. पण इथल्या ‘ऑफ’चा अर्थ ‘पासून दूर’ एवढाच घेऊन पाहा. दूध चांगल्या अवस्थेपासून दूर गेलं. दिवा उजेडापासून दूर गेला. गजराचा, बॉम्बचा किंवा बंदुकीचा अडवून धरलेला खटका अडकणीतून सुटला. निघाले सगळेच, फक्त प्रत्येकाने सोडलेली जागा वेगळी.

‘गो’ या दोन अक्षरी क्रियापदाची गंमत ही आहे. ते कुठे पोचलं हे पाहू नये, कुठून निघालं ते पाहावं.

इंग्रजीत माणूस आंधळा होतो, टकला होतो, वेडा होतो, दिवाळखोर होतो, तेव्हा तो ‘गोज’: ब्लाइंड, बॉल्ड, मॅड, बँकरप्ट. पण श्रीमंत होताना ‘गो रिच’ चालत नाही, तिथे ‘गेट’ लागतं. आजारी माणूस बरा होऊ लागला तर ‘गेट बेटर’. आणि स्वप्न खरं झालं तर ‘कम ट्रू’. ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात यामागचं सूत्र मांडलं. नेहमीच्या, स्वाभाविक अवस्थेकडे परतणं म्हणजे ‘कम’, तिथून सुटणं म्हणजे ‘गो’. सर्वात सुंदर पुरावा थर्मामीटरचा. ताप चढला की अंगाचं तापमान ‘गोज अप’, उतरून ९८.६ वर आलं की ‘कम्स डाउन’. थंडीने अंग गार पडून पारा खाली घसरला तर मात्र ‘गोज डाउन’, आणि सावरला की ‘कम्स अप’. पारा वर गेला की खाली, याने काही ठरत नाही. निरोगी अंक हे त्याचं घर, आणि बोलणारा त्या घरात बसून बोलतो. विमानाचंही तसंच. विमान तळ्याजवळ ‘केम डाउन’ म्हटलं तर ते उतरलं असेल अशी आशा ठेवता येते. ‘वेन्ट डाउन’ म्हटलं की काळजाचा ठोका चुकतो.

सूत्राला बंडखोर आहेतच. बुटाची नाडी सुटते तेव्हा ती ‘कम्स अनडन’. ती ‘गोज’ का नाही, हे तिलाच विचारायला हवं. आणि ‘गो व्हायरल’मध्ये बिघाड कसला? पण नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं, एवढं तिथेही खरंच.

मराठी वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. आपल्याकडे लाइट जाते आणि येते. तोल जातो, भान जातं, काचेला तडा जातो. मग माणूस भानावर येतो, जिवात जीव येतो. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आजीने शिकवलं त्यामागची धास्तीही हीच. ‘गेला’ या शब्दाचा शेवटचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

म्हणून लगेच दोन्ही भाषांना सख्ख्या बहिणी ठरवू नये. इंग्रज रात्री ‘गोज टु स्लीप’, म्हणजे तो झोपेकडे चालत जातो. आपण बहुधा कुठे जात नाही, झोप आपल्याकडे येते. झोपच कशाला, राग येतो, कंटाळा येतो, आठवण येते, हसू येतं, रडू येतं, ताप येतो. मराठी माणूस ओसरीवर बसलेला असतो आणि हे पाहुणे येतात-जातात. त्यामुळे ‘ताप गेला’ ही आपल्याकडे आनंदाची बातमी. इथे जातं ते संकट, माणूस जागेवरच असतो. मला स्वतःला मराठीची ही बैठक जास्त पटते. राग काही आपण ठरवून गाठलेलं गाव नव्हे.

आता ‘गो-वेन्ट-गॉन’कडे वळू. इंग्रजी शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या पुस्तकांच्या काळापासून आपण हे घोकत आलो, पण मधलं ‘वेन्ट’ ‘गो’सारखं जराही का दिसत नाही? कारण ते ‘गो’चं नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘गान’ म्हणजे जाणे, आणि त्याचा भूतकाळ ‘एओदे’, तोही परक्याच कुळातला. शेजारी ‘वेन्ड’ नावाचं दुसरं क्रियापद होतं: वळणे, वाट धरणे. जसं सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्ट, तसं वेन्ड-वेन्ट. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘एओदे’च्या वंशजांची जागा या ‘वेन्ट’ने घेतली. बिचाऱ्या ‘वेन्ड’ला स्वतःसाठी नवा भूतकाळ, ‘वेन्डेड’, शोधावा लागला. इंग्रज मुलं अजून लहानपणी ‘गो’ला नियमाने ‘ड’ जोडतात आणि चक्क ‘गोड’ म्हणतात, मग मोठी माणसं त्यांना सुधारतात.

हसण्याआधी आपलं घर पाहा. ‘जाणे’ आलं संस्कृतच्या ‘या’ धातूवरून, आणि ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’वरून. म्हणजे आपलाही वर्तमानकाळ एका घरचा आणि भूतकाळ दुसऱ्या घरचा. हिंदीत ‘जाना-गया’, तिथेही तेच. रोज हजारदा वापरलेलं रूप मुलांच्या तोंडी पक्कं बसतं, म्हणून अशी विजोड जोडी टिकून राहते. क्वचित लागणारी क्रियापदं मात्र हळूहळू नियमाच्या रांगेत उभी राहतात.

‘गो’ने भविष्यकाळही बळकावला आहे. ‘आय ॲम गोइंग टु...’ म्हणजे आधी खरोखरच पायाने निघालेला माणूस. सतराव्या शतकापर्यंत पाय थांबले, बेत तेवढा उरला. बोलताना त्याचं झालं ‘गोना’. यात एक झकास कसोटी दडली आहे: ‘आय ॲम गोना ईट’ चालतं, ‘आय ॲम गोना पुणे’ चालत नाही. खरं चालणं असेल तिथे शब्द आखडता येत नाही. मराठीने या कामाला कोणाला जुंपलं? ‘घालणे’ला! ‘होऊ घातलेली निवडणूक’ रोज वाचतो, पण तिथे कोण काय घालतं, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही.

अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलाला काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘फॉर हिअर ऑर टु गो?’ इथे खाणार की पार्सल? आणि ‘तुझ्या बापाचं काय जातं’चं ‘व्हॉट गोज ऑफ युअर फादर’ हे आपल्या कॉलेजांतलं भाषांतर इंग्रजांना कळणार नाही, पण तेही ‘गो’च्या स्वभावाला धरूनच आहे.

शेवटचं नवल माझ्या सर्वात आवडीचं. ‘ही हॅज गॉन टु पॅरिस’ म्हणजे तो गेलाय, अजून तिथेच आहे. तो जाऊन परत आला असेल तर ‘ही हॅज बीन टु पॅरिस’. परतलेल्या माणसासाठी इंग्रजी ‘जाणे’ सोडून ‘असणे’ वापरते. स्पॅनिश तर याच्याही पुढची: तिथे ‘फुई’ या एकाच रूपाचे ‘मी गेलो’ आणि ‘मी होतो’ असे दोन्ही अर्थ होतात.