आकृतींत दिसणारी बुद्धी

सातारा-सांगलीकडच्या घरांना बुद्धिमत्ता चाचणी नवीन नाही. शिष्यवृत्ती वा नवोदयच्या तयारीत आरशातील प्रतिमा, जलप्रतिमा, घडी घालून कापलेला कागद असे प्रश्न मुले सोडवतातच. वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याची ही शक्ती म्हणजे अवकाशीय क्षमता. मानसशास्त्रज्ञांकडून तिची रीतसर चाचणी करून घेतल्यावर हाती येणारा अहवाल मात्र पालकांना संभ्रमात टाकतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९८ पर्सेंटाइल याचा अर्थ समवयस्क शंभर मुलांपैकी सुमारे ९८ जणांच्या पुढे. बहुतेक चाचण्यांत १०० हा गुणांक सरासरीचा मानतात. सुमारे दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ या टप्प्यात येतात. १३० म्हणजे साधारण ९८ पर्सेंटाइल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अवकाशीय गुणांक १३० आणि भाषिक १०० असेल, तर एकत्रित बुद्ध्यंकात ती उंची झाकली जाते. ताळेबंदाची केवळ बेरीज पाहून कोणी कर्ज मंजूर करीत नाही. रकाने वाचावे लागतात. अहवालही तसाच वाचावा.

१९२१ साली लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात प्रज्ञावान मुलांचा शोध आरंभिला. त्यांची चाचणी प्रामुख्याने भाषेवर बेतलेली होती. तीत निवड न झालेल्या विल्यम शॉक्ली व लुईस अल्वारेझ यांना पुढे अनुक्रमे १९५६ आणि १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे १९६२ साली पुण्यात अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने, बुद्धी अनेक घटकांची असते या गिल्फर्ड यांच्या विचाराच्या आधारे चाचण्या सिद्ध केल्या.

म्हणून पालकांनी तज्ज्ञांना विचारावे: प्रत्येक घटकाचा गुणांक किती? वेळेचे बंधन होते का? सूचना मुलाच्या भाषेत दिल्या का? त्या दिवशी मूल थकलेले वा घाबरलेले होते का?

निबंधात अडखळणारे मूल वर्गात ‘मंद’ ठरते आणि हळूहळू स्वतःही तसेच मानू लागते. त्याला लेखनात मदत द्यावी. सोबत नकाशे, भूमिती, कागदकाम, सुतारकाम यांना वाव द्यावा. मिरजेत भोपळ्यापासून तंबोरा घडविणाऱ्या कारागिराचे काम एकदा जवळून दाखवावे. डोळा आणि हात यांतही बुद्धी असते, हे त्याला तेथे उमगेल.