भूतारा (कवक)

भूतारा हे जीस्ट्रम प्रजातीतील कवकांचे सर्वसामान्य नाव होय. जीस्ट्रम हे नाव पृथ्वी व तारा या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले असून ही प्रजाती पर्सून या शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये वर्णिली.

रचना

कोवळ्या अवस्थेत हे कवक लहान गोळ्यासारखे असते. पक्व झाल्यावर त्याचे बाह्य आवरण फाटून ताऱ्याच्या पाकळ्यांप्रमाणे पसरते व मधोमध पातळ आवरणाची पिशवी उघडी पडते. पावसाचा थेंब पिशवीवर आदळला की टोकाच्या छिद्रातून बीजाणूंचा धुरळा उडतो. ही कवके कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगतात.

ओळख

अ‍ॅस्ट्रियस हे कवक दिसायला भूताऱ्यासारखेच असते. मात्र ते वेगळ्या गणातील असून झाडांच्या मुळांशी सहजीवन करते. छत्तीसगडच्या सालवनांत ते 'बोडा' या नावाने कोवळेपणी खाल्ले जाते. त्याच्या पाकळ्या कोरड्या हवेत मिटतात व ओलाव्याने उघडतात. जीस्ट्रमच्या काही जातींतही हा गुण आढळतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. जीस्ट्रमच्या पिशवीचे छिद्र बहुधा रेखीव असते, तर अ‍ॅस्ट्रियसची पिशवी वेडीवाकडी फाटते व तिचे बीजाणू मोठे असतात. जातीची खात्री सूक्ष्मदर्शकानेच होते. ओळख पटल्याशिवाय कोणतेही रानटी कवक खाऊ नये.

संवर्धन

एखादे कवक दिसले नाही, म्हणजे ते नष्ट झाले असे नव्हे. अनेक छिद्रांचा मायरिओस्टोमा हा भूताऱ्याचा आप्त ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे मानले जात होते. २००६ मध्ये तो सफोक परगण्यात पुन्हा आढळला.

वैनगंगेकाठी भंडारा शहरासमोर वसलेले कारधा ज्या जिल्ह्यात आहे, तेथील वने साग, ऐन, तेंदू व बांबूची शुष्क पानझडी वने आहेत. अशा वनांत उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची रीत आहे. वणव्यात पालापाचोळा जळतो आणि त्यावर जगणाऱ्या कवकांचा आधारच नाहीसा होतो. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणे हा सोपा उपाय आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची प्राणी व वनस्पतींपुरत्या आहेत. कवकांना त्यांत स्थान नाही. मात्र २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावी तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत कवकांचीही नोंद करता येते. छायाचित्र, दिनांक, जवळचे झाड व जमिनीचा प्रकार एवढी माहिती टिपावी आणि कवक उपटू नये.