होतकरू खेळाडूंचा 'भाव' : अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमधील मूल्यांकनाचे चढउतार

सारांश :
अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड 'ड्राफ्ट' या पद्धतीने होते. निवडीपूर्वीच्या काही महिन्यांत एखाद्या खेळाडूचा 'भाव' वधारतो, तर दुसऱ्याचा घसरतो. हे चढउतार खेळाडूच्या गुणवत्तेतील बदल दर्शवितात, की मूल्यांकन करणाऱ्यांच्या माहितीतील आणि मनःस्थितीतील बदल, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात निवडक उदाहरणांच्या आधारे केला आहे.

बीजशब्द : ड्राफ्ट, चाचणी-शिबिर, मूल्यांकन, पूर्वग्रह, वेतनश्रेणी.

१. प्रस्तावना

'फुटबॉल' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गोवा, कोल्हापूर किंवा कोलकाता येथे पायाने खेळला जाणारा खेळ उभा राहतो. अमेरिकन फुटबॉल हा त्याहून सर्वस्वी भिन्न खेळ आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळणे, तो सहकाऱ्याकडे फेकणे आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडविणे किंवा पाडणे हे त्याचे स्वरूप होय. आक्रमणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात आणि जो बहुधा चेंडू फेकतो, त्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. या खेळाच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल), ३२ संघ आहेत.

या संघांना नवे खेळाडू मुख्यत्वे महाविद्यालयांतून मिळतात. महाविद्यालयीन हंगाम जानेवारीत संपतो आणि ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस होतो. मधल्या काळात खेळाडू एकही अधिकृत स्पर्धात्मक सामना खेळत नाही. तरीही त्याच्याविषयीचे मत मात्र आठवड्यागणिक बदलत असते. अमेरिकन क्रीडापत्रकारितेने या बदलासाठी शेअर बाजारातील परिभाषा उसनी घेतली असून, अमुक खेळाडूचा भाव चढला, तमुकाचा उतरला, अशा याद्या सतत प्रसिद्ध होतात. या परिभाषेमागील वास्तव तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. ड्राफ्ट पद्धतीची पार्श्वभूमी

फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये या पद्धतीचा प्रस्ताव मांडला. श्रीमंत संघ अधिक पैसे देऊन उत्तम खेळाडू पटकावीत आणि दुर्बळ संघ दुर्बळच राहत, ही त्यांची तक्रार होती. त्यानुसार पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. मागील हंगामात सर्वांत खालच्या स्थानी असलेल्या संघाने प्रथम निवड करावी, हे त्याचे मूलतत्त्व आजही कायम आहे. त्या वेळी संघांकडे खेळाडू हेरणारी यंत्रणा जवळजवळ नव्हतीच. वर्तमानपत्रांतील वृत्तांतांवर विसंबून नावे घेतली गेली. सर्वप्रथम निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. निवडीचा क्रमांक आणि प्रत्यक्ष कारकीर्द यांतील अंतर अशा रीतीने पहिल्याच नावापासून दिसून येते.

आज सात फेऱ्यांत सुमारे २५० ते २६० खेळाडू निवडले जातात. माध्यमिक शिक्षण संपल्यानंतर किमान तीन वर्षे लोटल्याशिवाय खेळाडू पात्र ठरत नाही. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, ज्या संघाने त्याला निवडले त्याच्याशीच त्याला करार करावा लागतो. मालक निवडण्याचे स्वातंत्र्य उमेदवारास नसल्यामुळे क्रमांकाचे महत्त्व त्याच्या दृष्टीने विलक्षण वाढते.

३. मूल्यांकनाची साधने

मूल्यांकनाचा पहिला आधार म्हणजे महाविद्यालयीन सामन्यांची चित्रफीत. दुसरा आधार म्हणजे 'कंबाइन' या नावाने ओळखले जाणारे चाचणी-शिबिर. १९८७ पासून ते इंडियानापोलिस येथे भरत आले असून तेथे ३०० हून अधिक खेळाडूंना बोलाविले जाते. ४० यार्डांची (सुमारे ३६.६ मीटर) धाव, २२५ पौंडांचे (सुमारे १०२ किलो) वजन किती वेळा उचलता येते याची मोजणी, उंच व लांब उडी, दिशा बदलून धावणे, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती असे त्याचे स्वरूप असते. क्वार्टरबॅकच्या तळहाताचे मापही घेतले जाते. १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडविण्याची वंडरलिक ही बौद्धिक चाचणीही अनेक वर्षे घेतली जात असे. २०२२ पासून शिबिरात ती बंद करण्यात आली.

या चाचण्यांचे आकर्षण त्यांच्या आकड्यांत आहे. सामन्यातील कामगिरी सहकारी, प्रतिस्पर्धी आणि प्रशिक्षक यांवर अवलंबून असते. दोन महाविद्यालयांतील खेळाडूंची तुलना त्यामुळे कठीण होते. सेकंदाच्या शतांश भागात मोजलेली धाव मात्र सर्वांना एकाच पट्टीवर उभे करते. परंतु जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे असते, असा समज येथूनच बळावतो. २०१७ मध्ये जॉन रॉस याने ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पार करून तेव्हाचा विक्रम केला. सिनसिनाटी संघाने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. परंतु दुखापतींनी ग्रासलेली त्याची कारकीर्द त्या क्रमांकास साजेशी झाली नाही.

४. भाव वधारण्याचे दोन प्रकार

भाववाढीचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिली वाढ खेळातून सिद्ध होते. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो बरो याने २०१८ च्या हंगामात १६ टचडाउन पास दिले होते आणि त्याच्याकडे अव्वल उमेदवार म्हणून कोणी पाहत नव्हते. २०१९ च्या हंगामात हीच संख्या ६० वर गेली, संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या तळहाताचे माप नऊ इंच, म्हणजे अपेक्षेपेक्षा लहान भरले होते. परंतु एका संपूर्ण हंगामाच्या पुराव्यापुढे ते गौण ठरले.

दुसरी वाढ चाचणीतून होते. तिचे बहुचर्चित उदाहरण १९९५ मधील माइक मामुला याचे आहे. बॉस्टन कॉलेजच्या या खेळाडूने शिबिरातील चाचण्यांचाच खास सराव केला होता आणि त्याच्या आकड्यांनी निवडकर्ते थक्क झाले. ईगल्स संघाने आपला १२ वा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीतील दोन संधी टॅम्पा बे संघास देऊन, सातव्या क्रमांकावर जाऊन त्याला निवडले. मामुलाने ईगल्सतर्फे पाच हंगामांत ३१.५ 'सॅक' नोंदविले, म्हणजे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच पाडले. ही कामगिरी वाईट नव्हे. परंतु तिच्यासाठी मोजलेली किंमत खचितच अधिक होती.

५. भाव घसरण्याची कारणे

मामुलाच्या उदाहरणाची दुसरी बाजू त्याच दिवशी घडली. मायामी विद्यापीठाचा वॉरन सॅप अगदी आरंभीच निवडला जाईल, अशी अपेक्षा होती; परंतु निवडीच्या तोंडावर त्याच्या अमली पदार्थविषयक चाचण्यांसंबंधी वृत्ते पसरली आणि तो खाली घसरत गेला. ईगल्सकडून मिळालेल्या त्याच १२ व्या क्रमांकावर टॅम्पा बेने त्याला घेतले. पुढे सॅपने ९६.५ सॅक नोंदविले, संघासह २००२ च्या हंगामाचे विजेतेपद मिळविले आणि २०१३ मध्ये त्याचा व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. एका व्यवहारात एकाचा चढलेला आणि दुसऱ्याचा उतरलेला भाव समोरासमोर आला आणि काळाने दोन्ही भाव चुकीचे ठरविले.

घसरणीची कारणे एकसारखी नसतात. पहिले कारण दुखापत हे होय. जेलन स्मिथ याच्या गुडघ्यास १ जानेवारी २०१६ रोजी, महाविद्यालयीन कारकिर्दीतील अखेरच्या सामन्यात, गंभीर इजा झाली. पहिल्या पाचांत गणला जाणारा हा खेळाडू ३४ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिला संपूर्ण हंगाम तो खेळू शकला नाही. अशा घसरणीची भरपाई देणारा विमाही उपलब्ध असतो आणि स्मिथने तो उतरविला होता. ही घसरण वेदनादायक असली तरी अतार्किक म्हणता येत नाही.

दुसरे कारण बाजाराच्या रचनेत असते. २००५ मध्ये ॲरन रॉजर्स पहिल्या क्रमांकाचा दावेदार होता. सॅन फ्रान्सिस्को संघाने ॲलेक्स स्मिथला पसंती दिल्यावर पुढील बहुतेक संघांनी अन्य स्थानांवरील खेळाडूंना प्राधान्य दिले आणि तो २४ व्या क्रमांकापर्यंत खाली आला. त्या काही तासांत रॉजर्सच्या गुणवत्तेत कोणताही बदल झाला नव्हता. तो पुढे चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तिसरे कारण पूर्वग्रह हे आहे आणि ते सर्वाधिक गंभीर आहे. क्वार्टरबॅकच्या स्थानासाठी कृष्णवर्णीय खेळाडूंकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. त्यांतील अनेकांना अन्य स्थानांवर ढकलण्यात आले. २०१६ चा हाइझमन पुरस्कार, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च सन्मान, मिळविणाऱ्या लामार जॅक्सनलाही २०१८ मध्ये स्थान बदलून चेंडू झेलणाऱ्याची भूमिका स्वीकारण्याचा सल्ला जाहीरपणे दिला गेला. त्याने तो मानला नाही. चार क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले गेल्यानंतर, पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर बाल्टिमोर संघाने त्याला घेतले. दुसऱ्याच हंगामात, २०१९ मध्ये, तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याने तो मान पुन्हा मिळविला. तथापि, निवडकर्ते नेहमीच चुकतात असेही नाही. फेकीतील अचूकतेविषयी शंका असूनही त्याच वर्षी सातव्या क्रमांकावर घेतला गेलेला जॉश ॲलन २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

६. क्रमांकाची आर्थिक किंमत

भावाची ही चर्चा केवळ मनोरंजन नाही. २०१० मध्ये प्रथम क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफोर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. २०११ च्या सामूहिक करारानंतर नवोदितांचे वेतन क्रमांकाशी बांधले गेले आणि त्याच वर्षीच्या प्रथम क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा करार चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांवर आला. करारात फेरबदल तिसरा हंगाम संपेपर्यंत करता येत नाही. धावण्याचे व धडका सोसण्याचे काम करणाऱ्या अनेक खेळाडूंची उमेदीची वर्षे या पहिल्या करारातच खर्ची पडतात.

२०२५ चा ड्राफ्ट या दृष्टीने बोलका आहे. प्रथम क्रमांकावर निवडलेल्या कॅम वॉर्डचा चार वर्षांचा करार सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलरचा होता. पहिल्या फेरीत जाईल असे ज्याच्याविषयी अनेकांनी वर्तविले होते, तो शेदूर सँडर्स पाचव्या फेरीत १४४ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याचा करार सुमारे ४६ लाखांचा झाला. दोघेही क्वार्टरबॅक, दोघेही एकाच वर्षीचे. उत्पन्नातील अंतर मात्र दहापटींचे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. संघांच्या याद्या गोपनीय असतात. भावाच्या बातम्या माध्यमांच्या अंदाजांवर आधारलेल्या असतात. त्यामुळे पुष्कळदा 'घसरण' प्रत्यक्षात होतच नाही. संघांचे मत आधीपासूनच खालचे असते, ते निवडीच्या दिवशी उघड होते इतकेच.

७. संशोधनाचा दाखला

केड मॅसी आणि नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी या निवडींचा सखोल अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पूर्वीच्या वेतनरचनेवर आधारित या अभ्यासानुसार, आरंभीच्या क्रमांकांसाठी संघ जी किंमत मोजतात ती त्यांतून मिळणाऱ्या लाभाहून अधिक असते. एकाच स्थानावरील लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला अधिक सरस ठरण्याची शक्यता केवळ ५२ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून किंचितच अधिक, आढळली. भविष्य ओळखण्याच्या स्वतःच्या क्षमतेविषयीचा अतिविश्वास हे त्याचे प्रमुख कारण लेखकद्वयाने दिले आहे.

२००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी याच संदर्भात वारंवार आठवला जातो. त्याने ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेतले होते. पुढे त्याने सात विजेतेपदे मिळविली. मात्र हे उदाहरण अपवादात्मक आहे. त्यावरून चाचण्या निरर्थक ठरत नाहीत. दबावाखाली निर्णय घेण्याची क्षमता आणि शिकत राहण्याची वृत्ती त्यांच्या कक्षेबाहेर राहते, एवढेच सिद्ध होते.

८. निष्कर्ष

१. निवडीपूर्व काळातील भावाचे चढउतार हे बहुतांशी गुणवत्तेतील नव्हे, तर उपलब्ध माहितीतील, गरजांतील व धारणांतील बदल असतात.

२. दीर्घकालीन कामगिरीवर आधारित भाववाढ ही अल्पकालीन चाचणीवर आधारित भाववाढीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानणे योग्य ठरते.

३. घसरणीमागे दुखापत, बाजाराची रचना व पूर्वग्रह अशी भिन्न कारणे असतात. त्यांना एकाच 'घसरण' या शब्दात बांधल्यास अन्यायावर पडदा पडतो.

४. वेतन क्रमांकाशी बांधलेले असल्याने मूल्यांकनातील चुकीचा भुर्दंड संघाइतकाच, किंबहुना अधिक, एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणास सोसावा लागतो. चुकलेल्या संघाला पुढील वर्षी पुन्हा निवडीची संधी मिळते. खेळाडूला मात्र दुसरा ड्राफ्ट नसतो.

अल्पकालीन चाचणीच्या आधारे तरुणांची प्रतवारी लावणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेने, मग ती क्रीडाक्षेत्रातील असो वा शिक्षणक्षेत्रातील, या शेवटच्या मुद्द्याची दखल घेणे अगत्याचे आहे. प्रतवारी टाळता येणे कदाचित शक्य नाही. परंतु लावलेली प्रत तात्पुरती मानणे आणि पुन्हा तपासण्याची वाट मोकळी ठेवणे निश्चितच शक्य आहे.