भूत नाही, तरी अंगावर काटा: जगातल्या काही विचित्र जागा

हेडफोन लावलेत ना?

(हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर आहे. मधली "अं... म्हणजे" आणि एकदा वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

बरेच दिवस एकच मागणी येतेय, "भुताटकीच्या जागांवर एक एपिसोड कर ना." आणि सगळ्यात जास्त नाव आलं भानगढचं. तर भानगढचं आधीच उरकून टाकू. राजस्थानातला हा किल्ला. तिथे पुरातत्त्व खात्याचा बोर्ड आहे की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी आत जायचं नाही. रील बनवणारे सांगतात, "बघा, सरकारनेसुद्धा भूत मान्य केलंय!" अहो, संरक्षित स्मारकांसाठी हा देशभरातला सर्वसाधारण नियम आहे, १९५९ च्या नियमावलीतला. रात्री तिथे दिवे नसतात, पहारेकरी पुरत नाहीत, पडझड झालेल्या भिंती असतात. संपला विषय.

मला स्वतःला भुतांच्या गोष्टी ऐकून फारसं काही होत नाही. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस मी, मला भीती वाटते ती "हे असं का झालं?" याचं उत्तर सापडल्यावर. आजच्या जागा तशा आहेत. चेर्नोबिल यात नाही, कारण त्यावर सगळ्यांनी इतकं बोलून झालंय, आणि २०२२ पासून युद्धामुळे तिथलं पर्यटन तसंही ठप्प आहे.

वाळवंटातली भट्टी

सुरुवात सोप्या जागेपासून. तुर्कमेनिस्तानात काराकुम नावाचं वाळवंट आहे. राजधानी अश्गाबातपासून उत्तरेला अंदाजे २६० किलोमीटरवर दरवाझा नावाच्या गावाजवळ जमिनीत एक भलामोठा खड्डा आहे. रुंदी सुमारे ७० मीटर, खोली सुमारे ३० मीटर. आणि तो पेटलेला आहे. कित्येक दशकं. लोक त्याला "नरकाचं दार" म्हणतात, सरकारने मात्र २०१८ मध्ये "काराकुमचं तेज" असं जरा टूरिस्टांना शोभेल असं नाव दिलं.

नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: १९७१ मध्ये सोव्हिएत भूगर्भतज्ज्ञ तिथे ड्रिलिंग करत होते. खाली नैसर्गिक वायूची पोकळी होती, जमीन खचली, यंत्रं आत गेली. वायू गावांकडे पसरू नये म्हणून त्यांनी तो पेटवून दिला. काही दिवसांत विझेल असं वाटलं होतं. विझला नाही.

छान गोष्ट आहे, फक्त तिला आधार देणारी त्या काळची कागदपत्रं हाती नाहीत. तिथल्या काही भूगर्भतज्ज्ञांचं म्हणणं आहे की खड्डा १९६० च्या दशकातच पडला आणि आग लागली ती १९८० च्या दशकात. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध आगींपैकी एक, आणि ती कधी लावली याची नोंद नाही! आमच्या क्षेत्रात डॉक्युमेंटेशन न करणाऱ्यांना मी यापुढे हेच उदाहरण देणार आहे.

२०१३ मध्ये कॅनडाचे जॉर्ज कुरूनिस उष्णतारोधक सूट घालून दोरावरून थेट खड्ड्याच्या तळाशी उतरले. असं करणारे ते पहिलेच. त्यांनी आणलेल्या मातीत जिवाणू सापडले. त्या भट्टीच्या तळाशीही कुणीतरी मजेत राहत होतं.

जायचं असेल तर घाई करा. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ही आग विझवायचे आदेश दिले, आणि आसपासच्या विहिरींमधून वायू खेचून घेतल्यामुळे ज्वाळा पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी झाल्याचं २०२५ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं.

गावाचा पिनकोड काढून घेतला

दुसरी आगही जमिनीखालचीच, पण दिसत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात सेंट्रेलिया नावाचं खाणकामगारांचं गाव होतं. १९६२ च्या मे महिन्यात गावाचा कचरा डेपो साफ करायचा होता. मेमोरियल डेची सुट्टी जवळ आली होती, लोक स्मशानभूमीला भेट द्यायला येणार, वास नको. आपल्याकडे सण आला की नगरपालिका जसं करते तसंच. हा डेपो एका जुन्या उघड्या खाणीच्या खड्ड्यात होता. कचऱ्याला आग लावली, वरून विझवलीसुद्धा. पण आग खाली कोळशाच्या थरापर्यंत पोचली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता प्रश्न असा की इतक्या वर्षांत पाणी टाकून विझवता आली नाही का? इथे जरा थांबू. आग जळायला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि उष्णता. कोळशाचा थर म्हणजे इंधन, ते मैलोन्‌मैल पसरलेलं. जुन्या खाणीचे बोगदे म्हणजे हवेचे पाइप. आणि वरचा खडक उष्णता बाहेर जाऊच देत नाही, थर्मासच तो. पाणी ओतलं तर ते वाट मिळेल तिकडे वाहून जातं, आणि आग नेमकी कुठे आहे हे वरून कळत नाही. खरा उपाय एकच, आगीच्या पुढे जाऊन खोल चर खणायचा आणि इंधन तोडायचं. सेंट्रेलियात चर खणायला घेतले होते. पैसे संपले, काम थांबलं, आग पुढे निघून गेली. सुरुवातीच्या त्या थोड्या रकमेत काटकसर झाली आणि शेवटी १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसला गाव हलवण्यासाठी ४.२ कोटी डॉलर मंजूर करावे लागले.

त्याआधी १९८१ मध्ये एक बारा वर्षांचा मुलगा आजीच्या अंगणात उभा असताना पायाखालची जमीन खचून आत गेला. झाडाची मुळं धरून लटकला आणि नात्यातल्या भावाने ओढून काढला म्हणून वाचला. त्या खड्ड्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड वर येत होता.

१९८० मध्ये गावात हजारावर लोक होते. २०२० च्या जनगणनेत उरले पाच. २००२ मध्ये टपाल खात्याने गावाचा पिनकोडच रद्द केला. हे मला भुतापेक्षा भयानक वाटतं. घर आहे, तुम्ही आहात, पण पत्ता नाही. जे हटायला तयार नव्हते ते कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये तडजोड झाली: हयात असेपर्यंत राहा, त्यानंतर घर सरकारचं.

"सायलेंट हिल" हा सिनेमा पाहिलाय? २००६ चा? त्यातल्या गावामागची प्रेरणा हेच. त्यामुळे पोरांची रीघ लागली. तिथला बंद पडलेला हायवे लोकांनी स्प्रे पेंटने इतका रंगवला की "ग्राफिटी हायवे" नावाने प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये त्यावर ट्रकने माती टाकून तो बुजवून टाकला.

बरं, हे ऐकून तुम्ही "बापरे, अमेरिकेत काय काय असतं" म्हणत असाल तर झारखंडकडे बघा. धनबादजवळच्या झरियात कोळशाच्या आगीची पहिली नोंद १९१६ ची आहे. सेंट्रेलियाच्या ४६ वर्षं आधीची. तिथेही जमिनीतून धूर निघतो, रात्री भेगांमध्ये लाल निखारे दिसतात, आणि जगभरचे फोटोग्राफर तिथेही जातात. फरक इतकाच की झरिया रिकामं नाही. लोक त्या धुरात राहतात, कोळसा वेचतात, पोरं शाळेत जातात. २०१७ च्या मे महिन्यात तिथे एक बाप आणि त्याचा मुलगा खचलेल्या जमिनीत गेले. त्यांना ओढून काढायला कुणाचा हात पोचला नाही. पुनर्वसनाचा मोठा आराखडा २००९ मध्ये मंजूर झाला होता, सुधारित आराखडा २०२५ मध्ये. "जगातली भयाण ठिकाणं" अशा याद्यांमध्ये सेंट्रेलिया हमखास असतं, झरिया क्वचित. पर्यटकाला रिकामी घरं लागतात बहुतेक. आत माणसं असली की ते डेस्टिनेशन राहत नाही, बातमी होते.

समुद्रातलं काँक्रीट

जपानच्या नागासाकीजवळ हाशिमा नावाचं बेट आहे. लांबून युद्धनौकेसारखं दिसतं म्हणून त्याला गुंकानजिमा, म्हणजे युद्धनौका बेट, असंही म्हणतात. क्षेत्रफळ ६.३ हेक्टर. मुंबईकरांसाठी सांगायचं तर शिवाजी पार्कच्या निम्म्याहून थोडं जास्त. आणि त्यावर १९५९ मध्ये ५,२५९ लोक राहत होते! शाळा, दवाखाना, सिनेमाघर, सगळं. समुद्राच्या तळाखाली सहाशे मीटरपेक्षा खोल कोळशाची खाण होती आणि १८९० पासून बेट मित्सुबिशीच्या मालकीचं. १९१६ मध्ये तिथे प्रबलित काँक्रीटची उंच निवासी इमारत बांधली, जपानमधली त्या प्रकारची पहिली मोठी. वादळात लाटा भिंतींवर आदळायच्या, म्हणून काँक्रीट.

मग पेट्रोलियमचे दिवस आले. १९७४ च्या जानेवारीत खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत बेट रिकामं. भराभर बांधाबांध करून गेलेली माणसं, टीव्ही आणि खेळणी तिथेच. २००९ पासून पर्यटकांना परत सोडायला लागले. नागासाकीहून बोट जाते. समुद्र शांत असेल तरच उतरवतात, आणि ठरवलेल्या वाटेवरूनच चालायचं, कारण इमारती कधीही कोसळू शकतात. "स्कायफॉल" मधल्या खलनायकाचं बेट आठवतंय? ते यावरून सुचलेलं.

फोटो अफाट येतात. पण दुसऱ्या महायुद्धात इथे कोरियन आणि चिनी मजुरांना आणून जबरदस्तीने राबवलं गेलं. त्या उष्ण, दमट बोगद्यांत. २०१५ मध्ये युनेस्कोने हे बेट जपानच्या औद्योगिक वारशाचा भाग म्हणून यादीत घेतलं, तेव्हा जपानने मान्य केलं की अनेकांना इच्छेविरुद्ध आणलं होतं, आणि हा इतिहास सांगणारं माहिती केंद्र उभारू असं आश्वासन दिलं. केंद्र २०२० मध्ये उघडलं, पण टोकियोत! बेटापासून शेकडो किलोमीटर दूर. शिवाय त्यात मजुरांची बाजू नीट मांडलेली नाही म्हणून २०२१ मध्ये युनेस्कोच्या समितीने तीव्र खेद व्यक्त केला. म्हणजे भिंतींना वारसा म्हणायचं की साक्षीदार, यावरून दोन देशांमध्ये अजून भांडण चालू आहे, आणि आपण तिथे सेल्फीसाठी "झपाटलेलं बेट" लिहून मोकळे होतो.

हाडांचं तळं

शेवटची जागा आपल्या देशातली. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात त्रिशूळ शिखराच्या कुशीत रूपकुंड नावाचं छोटंसं तळं आहे, उंची सुमारे पाच हजार मीटर. वर्षातला बराच काळ गोठलेलं. बर्फ वितळलं की काठावर आणि पाण्यात माणसांची हाडं दिसतात. शेकडो माणसांची. १९४२ मध्ये एका वनरक्षकाने पाहिल्यावर ही गोष्ट बाहेर पसरली.

लोककथा अशी आहे की कनौजचा राजा नंदादेवीच्या यात्रेला गर्भवती राणी आणि नाचणाऱ्या बायका घेऊन वाजतगाजत निघाला. देवी कोपली, आकाशातून लोखंडासारख्या गारा पडल्या. गंमत बघा, २००४ मध्ये संशोधकांची मोहीम गेली, त्यात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मानववंशशास्त्रज्ञही होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल, बोथट माराच्या खुणा सापडल्या, न भरलेल्या. म्हणजे गाराच! काळ अंदाजे नववं शतक. लोककथा खरी ठरली, केस क्लोज, सगळे खूश.

आणि मग २०१९ मध्ये डीएनएचा निकाल आला. हैदराबादची सीसीएमबी आणि परदेशी प्रयोगशाळांनी मिळून ३८ जणांचा डीएनए तपासला. २३ जण भारतीय वंशाचे, पण तेही एका जातीजमातीचे नाहीत आणि सगळे एकाच वेळी मेलेलेही नाहीत. १४ जणांचा डीएनए जुळला तो पूर्व भूमध्य समुद्राकडच्या लोकांशी, ग्रीस आणि क्रीटच्या आजच्या माणसांशी सगळ्यात जास्त. आणि एक जण आग्नेय आशियातला.

थांबा, अजून आहे. भारतीय गटाचा काळ साधारण सातवं ते दहावं शतक. भूमध्य गटाचा काळ त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी, १८०० च्या आसपास! मध्ये इतका काळ गेला, आणि दोन्ही गट त्याच तळ्यावर येऊन संपले. हाडांच्या रासायनिक तपासणीत त्यांचं खाणंही वेगळं निघालं. पुरुष आहेत, बायका आहेत, आपसांत जवळचं नातं कुणाचंच नाही. साथीच्या रोगाचे जंतू सापडले नाहीत. शस्त्रं नाहीत. भारतीय गट यात्रेकरूंचा असेल हे पटतं, कारण नंदादेवी राजजात यात्रा तिथूनच जाते. पण दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी चौदा भूमध्यवासी पाच हजार मीटरवर काय करत होते, याचा कुठल्याही दप्तरात अजून पत्ता लागलेला नाही. एका गारपिटीत सगळं बसवलेलं उत्तर असं मोडलं.

ट्रेकचं विचारणाऱ्यांसाठी: २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या कुरणांमध्ये, रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली. वाटेतले आली-बेदनी हे मुक्कामाचे तळच बंद झाले, त्यामुळे जुना ट्रेक पूर्वीसारखा होत नाही. निघण्याआधी वनखात्याकडून सध्याची स्थिती विचारून घ्या, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. आणि एक विनंती. कित्येक ट्रेकर्सनी तिथली हाडं आठवण म्हणून बॅगेत घालून आणली आहेत. कुणी पुढे-मागे सरकवली, कुणी फोटोसाठी रचून ठेवली. यामुळे कुठलं हाड कुठे पडलं होतं हे आता सांगता येत नाही, आणि कुठली माणसं एकत्र मेली हे कळायला तीच एक खूण होती. डीएनए तपासला गेला तो फक्त ३८ जणांचा. बाकीचे अजून तिथेच आहेत, बर्फाखाली, कुणीतरी विचारेपर्यंत.

चला, भेटू पुढच्या भागात.