उद्याचे राज्य कुणाचे?

१९२८ साली काशीबाई कानिटकर यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. कादंबरीतल्या संस्थानाला राजा आहे, पण कारभार पाहण्याची कुवत त्याच्यात नाही. त्याची तरुण, शिकलेली राणी राज्याची सूत्रे हाती घेते आणि बायकांना शिक्षण, काम व अधिकार देत सारी समाजव्यवस्था नव्याने उभी करते. मराठी विज्ञानसाहित्याचा इतिहास सांगताना या कादंबरीचे नाव सहसा निघत नाही, कारण तिच्यात ना यान आहे ना यंत्रमानव. पण अजून अस्तित्वात नसलेला समाज तपशिलाने रचून दाखवणे हे विज्ञानकादंबरीचे मूळ काम काशीबाईंनी पुरेपूर केले आहे. स्त्रीवादी भविष्यकथेची मराठीतली आजी शोधायची असेल, तर ती त्यांच्यातच सापडते.

चोरून गिरवलेली अक्षरे

काशीबाईंचा जन्म १८६१ सालचा, सांगलीजवळच्या आष्टे गावी, सधन बापटांच्या घरात. घरात कशाची वाण नव्हती, पण मुलीला अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकरांशी लग्न झाले. गोविंदराव इंग्रजी शिकलेले, कवी, पुढे न्यायखात्यात अधिकारी झालेले. त्यांना शिकलेली बायको हवी होती, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांना सुनेच्या हातात पुस्तक दिसलेले खपत नव्हते. या ओढाताणीत टोमणे सोसत, लपूनछपून काशीबाई वाचायला शिकल्या.

शाळेत एक दिवसही न गेलेल्या या बाईने पुढे मराठीत कादंबरी, कथा आणि चरित्र हे तिन्ही प्रकार हाताळले. ‘रंगराव’ ही त्यांची पहिली कादंबरी आधी मासिकातून क्रमशः आली आणि १९०३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र हे एका मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले आरंभीचे महत्त्वाचे चरित्र. हरि नारायण आपटे त्यांचे साहित्यातले स्नेही आणि सल्लागार होते. मुंबईच्या १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून गेल्या, त्यांत पंडिता रमाबाईंबरोबर काशीबाईही होत्या. १९४८ साली त्यांचे निधन झाले. सरोजिनी वैद्य यांनी त्यांचे आत्मचरित्र संपादित केले आणि मीरा कोसंबी यांनी इंग्रजीतून त्यांच्या लेखनाचा अभ्यास मांडला, म्हणून आज त्यांची ओळख टिकून आहे.

भागलपूरची सुलताना

काशीबाईंच्या आधी तेवीस वर्षे, दूर भागलपुरात, आणखी एका बाईने असाच देश रचला होता. रोकेया सखावत हुसेन यांचा जन्म १८८० मध्ये रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी झाला. घरात पडदा कडक. बंगाली आणि इंग्रजी त्या थोरल्या भावाकडून शिकल्या, आणि लग्नानंतर नवऱ्यानेही पाठबळ दिले. ‘सुलतानाज ड्रीम’ ही त्यांची इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली.

या कथेत पुरुष ‘मर्दान्या’त बंद आहेत आणि देश बायका चालवतात. बायकांच्या एका विद्यापीठाने ढगांतले पाणी उतरवून घेणारा फुगा तयार केला आहे, तर दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची युक्ती शोधली आहे. त्याच उष्णतेवर स्वयंपाक होतो, त्यामुळे स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसाही नाही. शत्रूचे सैन्य परतवले जाते तेही सूर्याच्या झोताने. बायकांचे संशोधन चालू असताना पुरुष त्यांची थट्टा करत लष्कर वाढवत बसलेले असतात, हा त्या कथेतला खरा टोला आहे.

औष्णिक वीजकेंद्राशेजारी राहणाऱ्या आम्हा कोराडीकरांना हे वाचताना वेगळेच वाटते. कोळसा, राख आणि उंच चिमण्या आम्हाला नव्या नाहीत. १९७४ पासून इथे वीज तयार होते आणि आज ६६० मेगावॉटचे तीन संच चालू आहेत. सौरऊर्जेची चर्चा आता गावोगाव होते. पडद्यातल्या एका पंचविशीच्या बाईने ती कथेत १९०५ मध्येच वापरून टाकली होती.

रोकेया कथा लिहून थांबल्या नाहीत. नवऱ्याच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये त्यांनी भागलपुरात पाच मुलींची शाळा काढली, १९११ मध्ये ती कोलकात्याला नेली आणि १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवली.

यंत्र कुणाच्या हाती?

दोघींच्या वाटा वेगळ्या आहेत. रोकेयांनी व्यवस्था उलटी करून दाखवली. काशीबाईंनी त्याच व्यवस्थेत राहून दप्तर, शाळा आणि कायदा बदलत नेला. सुरुवात मात्र दोघींनी शिक्षणापासून केली आणि दोघींचा प्रश्नही एकच आहे: निर्णय कोण घेणार? या दोघींच्याही आधी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’त पुरुषसत्तेची झाडाझडती घेतली होती. म्हणजे या विचाराला आपल्या विदर्भाची मातीही लागलेली आहे.

पुढची मराठी विज्ञानकथा जयंत नारळीकरांपासून बहरली, पण तिचे लक्ष अधिक करून अवकाशाकडे आणि प्रयोगशाळेकडे राहिले. शुभदा गोगटे आणि मेघश्री दळवी यांच्यासारख्या लेखिकांनी हे दालन बायकांसाठी मोकळे केले. नागपूरच्या नंदा खरे यांनी ‘उद्या’ या कादंबरीत नजीकच्या भविष्याचे भयचित्र रंगवले. मुलींची घटती संख्या हा त्यातला एक धागा आहे. या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. काशीबाईंच्या राणीची खुर्ची आज ग्रामपंचायतीत आहे. पण अनेक गावांत त्या खुर्चीमागून नवराच कारभार हाकतो. यंत्रे बदलली, कायदे बदलले, तरी निर्णय घेणारा हात बदलला नाही तर उद्याही कालसारखाच राहील, हे या दोन बायकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावच्या वाचनालयात ‘पालखीचा गोंडा’ आहे का ते विचारा आणि नसेल तर मागणी नोंदवा. घरातल्या मुलींना रोकेयांची कथा वाचून दाखवा, आणि त्यांच्या मनातले गाव कसे आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्या.