कोयनेच्या पोटातली रेघ

10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास वाशिमला जमीन हलली. केंद्र शेजारच्या हिंगोलीत, कळमनुरीकडे, तीव्रता 4.5. हादरा किती वेळ होता, यावर मात्र चौघांची चार मतं.

अशा वेळी मला कोयना आठवते. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनानगर झोपेतच उद्ध्वस्त झालं. 103 मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. आणि त्याच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने सगळा धक्का नागमोडी रेघेत टिपला.

धरणाच्या आराखड्यात गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के आडवा जोर धरला होता. रेघेने प्रवाहाच्या दिशेला 49 टक्क्यांचं टोक दाखवलं. हे दोन आकडे शेजारी ठेवून घाबरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. टोक क्षणभराचं असतं. खरा प्रश्न असा, की कोणत्या लयीत किती जोर होता? वरातीच्या गोंगाटातून ढोल वेगळा, ताशा वेगळा ऐकावा, तशी ती रेघ सोडवावी लागते. झोक्याला त्याच्याच लयीत ढकललं तर तो चढतो. कोयनेसारख्या धरणाची लय सेकंदाला साधारण 3 हेलकाव्यांची. रेघ अशी लयींमध्ये सोडवण्याचं गणित झपाट्याने करणारी कूली आणि टुकी यांची रीत 1965 मध्येच छापून आली होती.

बर्कलीत अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी ही रेघ धरणाच्या प्रतिकृतीवर गणिताने चालवली आणि 1973 मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वांत जास्त ताण आला तो धरणाचा मागचा उतार एकदम बदलतो तिथे. प्रत्यक्षातले तडेही त्याच उंचीच्या आसपास होते! नंतर धरणाला मागच्या बाजूने जाड टेकूभिंती दिल्या गेल्या. धरणांवरच्या संशोधनात कोयनेची रेघ आजही जगभर वापरली जाते.

किल्लारीचं तसं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसं गेली, आणि त्या मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली रेघच नाही.

पण बांधकामाची लय कळायला मोठा धक्काच लागतो असं नाही. वारा आणि रहदारीनेही प्रत्येक बांधकाम सूक्ष्म थरथरतं. त्यातून त्याची लय काढता येते. धक्क्यानंतर ती मंदावलेली दिसली, तर आत कुठे तडा गेल्याची शंका घ्यावी. पण त्यासाठी आधीची नोंद हवी. वाशिमच्या अभियंत्यांनी एखाद्या उंच पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करावी.