लॅपटॉपचा हट्ट : बूट क्रम का बदलत नाही?

जुना लॅपटॉप रडतखडत चालायला लागला की घरातले कोणीतरी पेनड्राइव्हवरून नवी विंडोज टाकायला बसते. बायोसमध्ये जाऊन बूट क्रमात पेनड्राइव्ह पहिला ठेवला जातो, मशीन पुन्हा सुरू होते आणि समोर येते तीच जुनी विंडोज! मग शेजाऱ्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांचे एकच निदान, 'बॅटरी गेली.'

एकेकाळी ते बरोबर असे. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून या सेटिंग्ज सीमॉस नावाच्या स्मृतीत राहत आणि मशीन बंद असताना एक छोटी बॅटरी तिला जागती ठेवी. बॅटरी संपली की सारे पुसले जाई, घड्याळासकट. म्हणूनच खर्च करण्यापूर्वी चार्जर काढून लॅपटॉप रात्रभर बंद ठेवावा आणि सकाळी बायोसच्याच पडद्यावर तारीख पाहावी. विंडोजचे घड्याळ पाहून उपयोग नाही, ते इंटरनेटवरून स्वतःला सुधारून घेते. तारीख मागे गेली असेल तर बॅटरीचा संशय खरा.

तारीख बरोबर असेल तर मात्र दोष दुसरीकडे शोधावा. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, त्या सुमारापासून नव्या लॅपटॉपमध्ये जुन्या बायोसऐवजी यूईएफआय असते, लोक त्यालाही बायोसच म्हणतात. त्यात हा क्रम सहसा फ्लॅश चिपमध्ये लिहिला जातो, त्याला बॅटरी लागत नाही.

आधी बायोस पुन्हा उघडून क्रम खरोखर बदलला आहे का ते बघावे. बदललेला दिसला, तर सेटिंग जपली गेली आहे, पेनड्राइव्हच नीट तयार झालेला नाही. सिक्युअर बूट चालू असताना तो नाकारला जातो आणि मशीन गुपचूप पुढच्या जागेवर जाते. क्रम जुनाच असेल, तर बाहेर पडताना सेव्ह केले होते ना, हे तपासावे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्यासाठी एफ१० असते. पेनड्राइव्ह काढला की काही मशीन त्याचे नावच यादीतून गाळतात. कधी विंडोजच स्वतःला पुन्हा पहिल्या जागी नेऊन बसवते. ऑफिसच्या लॅपटॉपवर पासवर्डचे कुलूप असते, तिथे हात न लावलेलाच बरा.

घाईघाईने सिक्युअर बूट बंद करणे मात्र महागात पडू शकते. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते, घरच्यांना पत्ताही नसतो. मग बायोसमधला एक बदल झाला की पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर लग्नाचे, बारशाचे फोटो डिस्कवर असूनही हाती लागत नाहीत. ही की बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती आधी वहीत उतरवून घ्यावी आणि फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी.

खरे तर एकदाच पेनड्राइव्हवरून सुरू करायचे असेल तर क्रमाला हातच लावू नये. मशीन सुरू होताच डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप दाबले की त्या वेळेपुरती यादी समोर येते. एसरवर एफ१२ बऱ्याचदा बंद असते, ते आधी बायोसमध्ये चालू करावे लागते.